पिवळ्या किनारीची पेटी

तिसरीच्या वर्गाला मी दर वर्षी पुठ्ठ्याची पेटी करायला सांगायची. झाकणाचा माथा पंधरा सेंटिमीटर लांब आणि दहा रुंद, खालची पेटी त्यात बसेल एवढी. झाकणावर चिकटवायचं चित्र मुलं वर्गात माझ्यासमोर करत. चित्रकलेच्या जाड कागदाचे पंधरा बाय दहाचे तुकडे मी घरूनच कापून आणायची आणि मुलं त्यावर चिरलेल्या भेंडीचे ठसे उठवून फुलांची नक्षी काढायची. ते चित्र घरी न्यायचं, पेटी करायची, तिला घोटीव कागद लावायचा, माथ्यावर चित्र चिकटवायचं आणि दोन आठवड्यांनी शाळेत आणायची. एवढं सोपं काम. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक मी या सोप्या कामात केली.

विषयाचं नाव कार्यानुभव. दुसरी ते चौथी तो मीच शिकवायची. आधी त्याला हस्तव्यवसाय म्हणत, पुढं आणखी काहीतरी म्हणायला लागले. शासनाला नावं बदलायची हौस असते. पेटी तीच राहिली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली आमची शाळा, वर्गात साठ मुलं. कुणाच्या घरी साड्यांच्या दुकानातला खोका मिळायचा, कुणी मिठाईचा आणायचं आणि मग त्या पेटीला सहा महिने पेढ्यांचा वास यायचा. डिंकाची बाटली आणण्यापेक्षा मैद्याची खळ शिजवणं आयांना सोपं वाटे. तिसरीतल्या पोरांनी खरोखर स्वतः केलेली पेटी कशी दिसते हे मी पक्कं सांगू शकते. तिचं झाकण एकतर बसत नाही, नाहीतर बसल्यावर निघत नाही. चित्र एका कडेला लोंबतं. खळीचे डाग वाळून पांढरे होतात आणि त्यात बोटांचे ठसे राहतात. अशा पेट्या साठांत पाच-सहा यायच्या. बाकीच्या पालकांच्या असायच्या.

आमच्या लहानपणी असलं काही शाळेतून सांगत नसत. बेंदराच्या सणाला शाडूचे बैल घरी आम्हीच करायचो. माझ्या बैलांना कायम कुत्र्यांची तोंडं यायची. आई त्यांना हळद-कुंकू लावून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायची आणि कुठला बैल कुणी केला हे कुणी विचारायचं नाही. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या वह्या भरताना मला त्या बैलांची फार आठवण झाली होती. मुलाच्या हातची वस्तू हा त्याच्या मनाचा आरसा असतो, असं त्या वहीत लिहिलेलं होतं. नोकरीला लागल्यावर कळलं, की कोल्हापुरात तो आरसा वडिलांच्या मनाचा असतो, आणि तो प्रदर्शनात मांडायचा असतो.

प्रदर्शन गॅदरिंगच्या आठवड्यात शनिवारी असे. बाकं जोडून त्यावर पांढऱ्या चादरी अंथरायच्या. प्रमुख पाहुणे नगरसेवक, नाहीतर साखर कारखान्याचे कुणी संचालक. त्यांना आधी फेटा बांधायचा, मग शाल, मग नारळ, मग हार. एवढं झाल्यावर माणसाला खाली वाकून मुलांच्या वस्तू बघणं शक्य नसतं, म्हणून ते लांबूनच बघत. फुटक्या बांगड्यांची तोरणं, आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, अंड्याच्या टरफलांच्या बाहुल्या आणि थर्माकोलचा पन्हाळा यांवरून एकच नजर फिरवून ते माइक मागत. पालक कोपऱ्यात गाठून मला विचारत, "बाई, आमचा नंबर कितवा आला?" आमचा, असंच.

ती चूक मी जिच्या बाबतीत केली, ती मुलगी माझ्याकडं दुसरीपासून होती. तिचे वडील शिरोलीला एका लहानशा कारखान्यात पॅटर्नमेकर होते. म्हणजे फौंड्रीला लागणारे लाकडी नमुने करायचे. तो नमुना वाळूत दाबतात, वाळूत त्याचा आकार उमटतो आणि त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. अशा माणसाच्या हातात मुलीचं शाळेचं काम पडल्यावर काय होणार? दुसरीच्या प्रदर्शनाला त्यांनी सागवानी बैलगाडी करून पाठवली. चाकांना आरे, आऱ्यांना गुळगुळीत गोलाई, चाकं फिरत होती, जू निघत होतं. त्या वर्षीच्या पाहुण्यांनी फेटा सावरत ती गाडी उचलली आणि माइकवर सांगितलं, "या चिमुकल्या हातांत उद्याचा महान कलाकार दडलेला आहे." चिमुकले हात मागं बांधून ती माझ्याशेजारी उभी होती.

मी वाकून तिला विचारलं, "यात तू काय केलंस गं?"

"सरस ढवळला," ती म्हणाली.

पहिला नंबर तिलाच गेला. देणारी मीच होते, कारण पाहुण्यांनी माइकवर केलेलं कौतुक खोटं पाडायची आमच्या शाळेत पद्धत नव्हती. पण मनात मी ठरवून टाकलं, की पुढच्या वर्षी हे चालू द्यायचं नाही.

पुढच्या वर्षी, पेटी सांगितली त्याच दिवशी, मी पालकसभेत जाहीर केलं, "पेटी मुलांनीच करायची. मोठ्यांचा हात लागलेला दिसला तर ती मी मांडणार नाही." पालकांनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मला म्हणाल्या, "असं केलंस तर चादरी तेवढ्या मांडाव्या लागतील."

मी ऐकलं नाही. मी वाचणारी बाई होते. लायब्ररीतून आठवड्याला दोन पुस्तकं आणायची, आणि लोकांचा देखावा मला लगेच दिसतो असा माझा समज होता.

ठरल्या दिवशी तिनं पेटी आणली. पिवळ्या घोटीव कागदाची. कोपरे काटकोनात, कागदाला एक सुरकुती नाही, झाकण हलक्या हातानं बसतंय आणि तसंच निघतंय. पण माझी नजर माथ्यावर थांबली. मी दिलेलं भेंडीच्या फुलांचं चित्र बरोबर मधोमध चिकटवलेलं, आणि त्याच्या चारी बाजूंनी शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक पिवळी किनार सुटलेली. सगळीकडं सारखी. इतर एकोणसाठ पेट्यांत चित्र कडेला येऊन भिडलेलं होतं, नाहीतर कडेच्या बाहेर गेलेलं. पंधराच्या माथ्यावर पंधराचं चित्र. किनार सुटायला जागाच नव्हती. म्हणजे कुणीतरी मुद्दाम झाकण मापापेक्षा किंचित वाढवून ती सोडली होती. अशी किनार आठ वर्षांच्या पोरीला सुचत नाही, ती कारागिराला सुचते. मला तो पुरावा वाटला.

"कुणी केली?" मी विचारलं.

"मी."

"आणि तुझ्या आप्पांनी काय केलं?"

"काय न्हाई. ते झोपून असत्यात."

मी वर्गाकडं बघत म्हणाले, "मागच्या वर्षी निदान सरस तरी ढवळला होतास. या वर्षी तेवढंही नाही?"

वर्ग हसला. सगळ्यांना बैलगाडी आठवत होती. मला माझं वाक्य आवडलं होतं, हे लपवून आता उपयोग नाही.

ती रडली नाही. म्हणाली, "बाई, आप्पा शनवारी बघायला येणार हायत. त्यांनी कबूल केलंय."

"मग त्यांना सांग, स्वतः केलेली पेटी आणली की बाई मांडतील." मी पेटी कपाटावर ठेवली.

मला जे ठाऊक नव्हतं ते इथंच सांगते. दिवाळीच्या आधी कारखान्यात पट्टीच्या करवतीनं तिच्या वडिलांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली होती. अंगठा आणि करंगळी राहिली. जखम भरत आली, पण माणूस घराबाहेर पडेना. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर रोज बसणारा माणूस, तिथंही जाईना. कुणी भेटायला आलं तर हात चादरीखाली घ्यायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. तिची आई धुण्याभांड्याला जायची. दुपारी घरात ही दोघंच. पोरीनं त्यांच्या हत्यारांची लोखंडी पेटी उघडली, त्यातली पट्टी आणि सुरी घेतली आणि दहा दिवस बसून पुठ्ठा कापला. चार झाकणं बिघडवली, पाचवं जमलं. मग वडिलांच्या अंथरुणाशी जाऊन म्हणाली, ही शाळेत मांडणार हायत, तुम्ही बघायला यायचं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते बाहेर पडायला हो म्हणाले. पेटी घरी चादरीखालून एका डोळ्यानं बघितली असेल तेवढीच. "मांडल्यावर नीट बघतो," असं म्हणाले होते. हे सगळं तिच्या आईनं मला पुढं सांगितलं. तेव्हा मात्र वर्गात कुणाला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. "झोपून असत्यात" यावर मी विनोद केला होता.

त्या वर्षी मी एकूण तीन पेट्या नाकारल्या. एका डॉक्टरांच्या मुलाच्या पेटीत आतून मखमल लावलेली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, मोठ्या बाईंच्या खोलीत बसल्या, चहा झाला, आणि गॅदरिंगचा मंडप कुणाच्या ओळखीनं मिळतोय याची मला आठवण करून देण्यात आली. मखमलीची पेटी टेबलावर गेली. दुसरी एका वकिलांच्या पुतणीची. तिचे काका मला कायदा समजावून सांगायला आले, तीही गेली. तिसऱ्या पेटीबरोबर कुणी आलं नाही. माझं तत्त्व तेवढ्या एका पेटीवर टिकलं, आणि मी त्याला तत्त्वच म्हणत राहिले.

शनिवारी सकाळी चादरी घालत असताना ती माझ्यामागं येऊन उभी राहिली. कडेचं एक बाक रिकामं होतं, ते तिनं हेरलं होतं.

"बाई, तिथं जागा हाय."

"आहे."

"आज तेवढी ठेवा की. सोमवारी मी दुसरी करून आणतो." आमच्याकडच्या पोरी बोलतात तसं, करतो-जातो.

"दुसरी करून आण, मग ती ठेवते."

"आप्पा आजच येणार हायत."

मी चादरीची घडी मोडत राहिले. ती गेली. घरी जाऊन ती वडिलांना येऊ नका म्हणू शकली असती. म्हणाली नाही. मला वाटतं, शेवटपर्यंत तिला वाटत होतं, की बाई ऐन वेळेला ठेवतील.

पाहुणे आले, फेटा झाला, त्यांनी मखमलीची पेटी उचलली आणि चिमुकल्या हातांविषयी बोलले. मग पालकांना आत सोडलं. गर्दीत मला तिचे वडील दिसले. स्वच्छ पांढरा शर्ट, केस विंचरलेले, उजव्या हातावर टॉवेल टाकलेला, जसा लग्नात वाढप्यांच्या हातावर असतो. डाव्या हाताला ती. त्यांनी पहिल्या बाकापासून सुरुवात केली आणि एकेका पेटीवर वाकून, कोपरे बघत शेवटापर्यंत गेले. मग पुन्हा पहिल्या बाकापाशी आले आणि तेच केलं. दुसऱ्या फेरीला ती त्यांच्याबरोबर गेली नाही. खिडकीपाशी उभी राहून माझ्याकडं बघत होती.

ते माझ्याजवळ आले. "नमस्कार बाई. आमच्या पोरीची पेटी कुठं मांडलीया?"

"ती मांडलेली नाही. कपाटावर आहे."

"का हो?"

माझ्याकडं वाक्यं तयार होती, आठवडाभर घोटलेली. मी म्हणाले, "मुलांनी स्वतः केलेल्याच पेट्या मांडायच्या असं ठरलं होतं. ही तिनं केली असं मला वाटलं नाही."

"मग कुणी केली?"

"तुम्ही."

ते म्हणाले, "आणा बघू."

मी वर्गात जाऊन पेटी आणली. ती घ्यायला त्यांनी उजवा हात पुढं केला, सवयीनंच, आणि टॉवेल खाली पडला. अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये त्यांनी पेटी धरली. मधे काही नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. पेटी उजेडाकडं नेऊन ते माथा बघत होते आणि डाव्या हाताच्या नखानं ती पिवळी किनार चाचपत होते. मग त्यांनी मुलीला हाक मारली.

"हिकडं ये. कुठल्या पट्टीनं मापलंस?"

"तुमच्या पेटीतल्या."

"पितळी टोकांची?"

"व्हय."

ते हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा, असं तिची आई पुढं म्हणाली. मला समजावून सांगू लागले, वर्गातल्या मुलाला सांगावं तसं. "ही आमची पट्टी येगळी असती बाई. बीड थंड झालं की आटतंय. म्हणून पॅटर्न जरा मोठा करावा लागतो. परत्येक येळी हिशेब कोण घालणार? म्हणून ह्या पट्टीवरच खुणा ताणून मारल्यात. हिच्यावरचे पंधरा म्हंजे खरे पंधरा आणि वर दीड मिलिमीटर. हिनं झाकण हिच्यावर मापलं आणि चित्र तुमच्या पट्टीवरचं. म्हणून किनार ऱ्हायली." मग मुलीकडं वळले. "कागद काय आटत न्हाय बाळ."

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. "चित्र बारकं पडलं. मग मधोमध लावलं."

"ते झ्याक केलंस."

मग ते मला म्हणाले, आवाज न चढवता, "मी केली असती तर ही किनार नसती बाई. कुठली पट्टी कशाला लावायची हे मला कळतंय."

मी म्हणाले, "द्या, मी आत्ता मांडते. त्या बाकावर जागा आहे."

"आता नको. आता मांडली तर आमची दया केल्यावाणी हुतंय."

मुलीनं टॉवेल उचलून त्यांच्या हातावर टाकला. येताना टॉवेलखाली हात होता. जाताना हात आणि पेटी. दारापर्यंत गर्दी बाजूला होत गेली. आमच्या माणसांना कुणाचं काही तुटलेलं दिसलं की वाट द्यायचं बरोबर कळतं.

सोमवारी मी त्यांच्या घरी गेले. तिच्या आईनं चहा केला आणि वर लिहिलेलं सगळं सांगितलं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी माफी मागितली ती त्यांच्या पाठीला. "जाऊ द्या बाई," पाठ म्हणाली. "पोरीला मार्क द्या." मी पैकीच्या पैकी दिले. त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

चौथीला तिनं प्रदर्शनासाठी थर्माकोलची पवनचक्की आणली. महाद्वार रोडच्या एका दुकानात तसल्या पवनचक्क्या ओळीनं टांगलेल्या असायच्या. तळाला किमतीची चिठ्ठी ओरबाडून काढल्याची खूण होती.

"तू केलीस?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली, माझ्या डोळ्यांत बघून.

मी ती मांडली. त्या वर्षी तिचे वडील आले नाहीत. चौथीनंतर ती मोठ्या शाळेत गेली आणि माझा तिचा संबंध संपला. वडील एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाले, असं कुणीतरी सांगितलं. लाकूड त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही.

दोन हजार साल उलटल्यावर सगळ्यालाच प्रकल्प म्हणायला लागले. परिसर अभ्यासाचा प्रकल्प, गणिताचा प्रकल्प, मराठीचाही प्रकल्प. झेरॉक्सच्या दुकानांबाहेर पाट्या लागल्या, 'शालेय प्रकल्प तयार करून मिळतील'. पाहुण्यांचे फ्लेक्स आले, आणि त्यांवरचे चेहरे मुलांच्या सगळ्या वस्तू एकत्र ठेवल्या तरी त्यांहून मोठे असत. पालकसभेत मी आता काही जाहीर करत नव्हते. जे येईल ते मांडायची. मोठ्या बाई निवृत्त होताना माझ्याबद्दल म्हणाल्या, की मी आता अनुभवी झाले आहे.

अशाच एका वर्षी तिसरीच्या पेट्या आल्या. मी वर्गात बसून रजिस्टरप्रमाणे एकेक घेत होते. एक लाल पेटी हातात आली. कोपरे काटकोनात, कागदाला सुरकुती नाही. माथ्यावर मात्र लालऐवजी पिवळा कागद, त्यावर मी कापून दिलेलं भेंडीच्या फुलांचं चित्र, आणि चारी बाजूंनी शिवणाच्या दोऱ्याएवढी पिवळी किनार.

मी ती खाली ठेवली आणि बाकीच्या पेट्या उलथ्यापालथ्या केल्या. आणखी तीन निघाल्या. एक निळी, दोन हिरव्या. माथा तिन्हींचा पिवळा. मुलं वेगवेगळ्या घरांतली. मी टेबलाच्या खणातली पट्टी काढली आणि चारही झाकणं मापली. पंधरा आणि वर दीड मिलिमीटर. चारही.

लाल पेटीवालीला मी जवळ बोलावलं. "छान झालीय. कुणी केली?"

"मी."

"एकटीनं?"

ती जरा घुटमळली. "ताईनं थोडी मदत केली."

"कुठली ताई? तुला तर मोठी बहीण नाही."

"आमची न्हाई, गल्लीतली. ती सगळ्यांना करून देती. तिचे आप्पा फौंड्रीत होते, त्यांची हत्यारं हायत तिच्याकडं."

"होते म्हणजे? आता कुठं असतात?"

"वारले की," ती म्हणाली, मला एवढंही माहीत नाही याचं नवल वाटून. "गेल्या उन्हाळ्यात."

मी तिला जागेवर पाठवलं. ती पट्टी कागदाला लावायची नसते हे पॅटर्नमेकरच्या त्या मुलीला माझ्यासमोर सांगितलं गेलं होतं. ती ते विसरली असेल असं मला वाटत नाही. दुसरी पट्टी कुठल्याही दुकानात मिळते. तरी तिनं तीच लावली होती, आणि चित्राखाली पिवळा कागद घालून किनार नीट दिसेल अशी व्यवस्था केली होती. का, ते मला सांगता येत नाही. एक-दोन कारणं मी स्वतःला सांगून बघितली, पण ती पुस्तकातल्यासारखी वाटली.

शनिवारी चारही पेट्या मी पुढच्या बाकावर मांडल्या. प्रत्येकीपुढं त्या त्या मुलाच्या नावाची चिठ्ठी. पाहुण्यांनी लाल पेटी उचलली, फेट्याखालून बघितली आणि चिमुकल्या हातांविषयी बोलले. पाहुणे वेगळे होते. भाषण एकच असावं. पहिला नंबर लाल पेटीला गेला.

पालकांना आत सोडल्यावर मला ती दारात दिसली. उंच झालेली, दोन वेण्या, पंजाबी ड्रेसवर घरातला स्वेटर. गल्लीतल्या पोरांना पोचवायला आली असावी. आत न येता, चौकटीला टेकून ती बाकांकडं बघत होती, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. मी तिच्याजवळ गेले.

"ये की आत," मी म्हणाले.

"नको बाई. माझं काय मांडलेलं न्हाय."

"आप्पांचं कळलं. फार वाईट झालं."

"व्हय."

मला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. दहा वर्षांचं नसलं तरी सात-आठ वर्षांचं साठलेलं होतं. मी म्हणाले, "पेट्या सुंदर झाल्यात."

तिनं माझ्याकडं बघितलं. "कुणाच्या?" तिनं विचारलं.

माझ्यामागं लाल पेटीवालीची आई उभी होती, हातात प्रशस्तिपत्र धरून. पलीकडं नव्या मोठ्या बाई पाहुण्यांना चहा देत होत्या. मी त्या चार मुलांची नावं घेतली, एकामागून एक.

तिनं सगळी ऐकून घेतली. "हुशार हायत पोरं," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

पुढच्या वर्षी पेटी बंद करून तिसरीला दुसरं काहीतरी सांगावं असं माझ्या मनात आलं. कागदाच्या पिशव्या, नाहीतर मण्यांचं तोरण. निदान मला ती किनार बघावी लागली नसती. मग लक्षात आलं, की पेट्या करून देण्याचे तिला पैसे मिळत असणार आणि माझ्या पेटीवर तिचे डिसेंबर-जानेवारीचे दिवस चालत असतील. म्हणून मी निवृत्त होईपर्यंत पेटीच सांगत राहिले. मापं तीच, भेंडीचे ठसे तेच. पुढची तीन वर्षं पिवळ्या किनारीच्या पेट्या येत राहिल्या, एका वर्षी अकरा आल्या, आणि मी त्या सगळ्या पुढच्या बाकावर मांडल्या. चौथ्या वर्षी एकही आली नाही. लग्न झालं असेल, नोकरी लागली असेल. मी गल्लीतल्या मुलांना विचारलं नाही. पट्टी घेऊन सगळी झाकणं मात्र मापली. त्यानंतरच्या सगळ्या पेट्या मापाला बरोबर होत्या.